मला दे!

दडपणाखाली आलेला फुटबॉलपटू ओळखायला त्याच्या पायात बॉल असावा लागत नाही. बॉल मैदानाच्या दुसऱ्या टोकाला असताना तो कुठे उभा राहिलाय, एवढं बघितलं तरी पुरतं. तो पळत असतो, हात हलवत असतो, सोबत्यांना "तिकडे, तिकडे" अशा सूचनाही देत असतो. लांबून बघणाऱ्याला वाटतं, केवढी धडपड चाललीय! पण जरा नीट पाहिलं की लक्षात येतं, ज्याच्याकडे बॉल आहे तो आणि हा, या दोघांच्या बरोबर मध्ये दर वेळी समोरच्या संघाचा कुणीतरी आहे. म्हणजे पास याच्यापर्यंत येऊच शकत नाही. दोन पावलं डावीकडे सरकला तर वाट मोकळी होईल, पण तो सरकत नाही. याला आम्ही लपणं म्हणतो.

लपणाऱ्याच्या नावावर चूक लागत नाही. सामना संपल्यावर त्याला कुणी बोल लावत नाही, कारण त्याने काही बिघडवलेलंच नसतं. हे दुखणं इतकं चिवट असतं ते त्यामुळेच. मी बरीच वर्षं मधल्या फळीत खेळलो, आता पोरांना शिकवतो, आणि दिवसेंदिवस मला पटत चाललंय की फुटबॉलमधल्या आत्मविश्वासाचा प्रश्न मुळात या दोन पावलांचा आहे. छाती ताठ असणं, डोळ्यांत चमक असणं हे सगळं नंतरचं. आधी एवढंच विचारायचं, की तुला बॉल हवाय का?

दडपण आलं की शरीरात काय होतं ते खेळलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. श्वास छातीच्या वरच्या वर अडकतो. तळहात ओले होतात. पाय आपलेच असून कुणाचे तरी उसने आणल्यासारखे वाटतात. पण फुटबॉलपटूचं सगळ्यात मोठं नुकसान होतं ते नजरेचं. दृष्टी अरुंद होते. बॉल दिसतो, अंगावर येणारे बूट दिसतात, आणि उजव्या बाजूला हात वर करून मोकळा उभा असलेला आपला विंगर, म्हणजे कडेने खेळणारा सोबती, दिसत नाही. बाहेरचे ओरडतात, "अरे, तो बघ ना!" त्याला खरंच दिसलेला नसतो.

आणखी एक गोष्ट होते, ती जास्त घातक. एरवी न सांगता होणाऱ्या हालचालींवर आपण पहारा ठेवायला लागतो. मानसशास्त्रज्ञ सायन बायलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 साली यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. मुरलेल्या आणि नवख्या खेळाडूंना त्यांनी जमिनीवर मांडलेल्या शंकूंच्या रांगेतून बॉल ड्रिबल करत, म्हणजे पायाने हलके ढकलत, न्यायला सांगितलं. एकदा सांगितलं, आवाज आला की बॉलला पायाची कुठली बाजू लागली ते सांगा, म्हणजे लक्ष पायावर. दुसऱ्यांदा कानावर पडणाऱ्या शब्दांतून ठरलेला शब्द ओळखायला लावला, म्हणजे लक्ष दुसरीकडेच. नवख्यांना पायावर लक्ष ठेवल्याचा फायदा झाला. मुरलेले खेळाडू मात्र पायाकडे लक्ष देताना मंदावले. आणि याच मुरलेल्यांना त्यांच्या कमकुवत पायाने खेळायला लावलं तेव्हा गणित उलटं झालं, तिथे लक्ष देण्याचा उपयोग झाला. म्हणजे जे अंगात भिनलंय त्यात डोकं घातलं की ते बिघडतं.

म्हणून मैदानाबाहेरून "सांभाळून! सांभाळून खेळ!" असं ओरडणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. त्यांचा हेतू चांगला असतो, पण त्या हाकेने पोराचं लक्ष थेट त्याच्या घोट्यात जाऊन बसतं, आणि पुढचा साधा पास तो दोन फूट लांब मारतो. "आत्मविश्वास ठेव" हेही तसंच. कुठून आणून ठेवायचा?

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी 1977 साली याचं उत्तर बऱ्यापैकी नेमकं मांडून ठेवलंय. "मला हे जमेल" हा भरवसा माणसात चार वाटांनी येतो: स्वतः करून जमल्याचा अनुभव, आपल्यासारख्याच कुणाला तरी जमताना पाहणं, दुसऱ्याने दिलेला धीर, आणि आपल्या शरीराच्या अवस्थेचा आपण लावलेला अर्थ. यात सगळ्यात वजनदार पहिली वाट. मैदानाबाहेरून येणारे शब्द तिसऱ्या वाटेने येतात, आणि पहिली रिकामी असेल तर ते कानावरून जातात. आपण मात्र बहुतेक वेळा उलट्या क्रमाने विचार करतो. आधी आत्मविश्वास येईल, मग मी बॉल मागेन. तो तसा येत नाही. बॉल मागितला, घेतला, पुढे दिला, असं झालं की मागोमाग थोडासा येतो. पुन्हा मागितला की आणखी थोडा.

हे शब्दांत सोपं वाटतं, म्हणून एकच क्षण जवळून दाखवतो. तुम्ही मधल्या फळीत आहात, पाठ समोरच्या संघाच्या गोलकडे, आणि तुमचा बचावपटू तुम्हाला पास देणार आहे. मागून कुणीतरी येतोय, त्याची पावलं ऐकू येतायत. घाबरलेला खेळाडू या क्षणी बॉलकडे टक लावून बघतो. बॉल येईपर्यंत नजर हलवत नाही, दोन्ही पाय बॉलच्या दिशेने सरळ, गुडघे ताठ. बॉल पायाला लागून हातभर पुढे उडतो आणि मागचा तो पळवतो. याच जागी दुसरा खेळाडू काय करतो? पास निघण्याआधीच तो एकदा खांद्यावरून मागे बघून घेतो. बॉल वाटेत असताना पुन्हा एकदा, अगदी निमिषभर. अंग अर्धवट वळवून उभा राहतो, म्हणजे एक कूस आपल्या गोलकडे आणि एक समोरच्यांच्या. बॉल लांबच्या पायावर घेतो. मागचा डाव्या खांद्याशी आहे हे त्याला आधीच माहीत असतं, म्हणून पहिल्या टचलाच तो उजवीकडे निघून गेलेला असतो.

बघणाऱ्याला वाटतं, काय थंड डोक्याचा पोरगा आहे! थंड डोकं वगैरे काही नाही, त्याने दोनदा मागे बघितलं होतं एवढंच. त्याच्याकडे माहिती होती, माहितीमुळे अर्धा सेकंद जास्त मिळाला, आणि त्या अर्ध्या सेकंदाला आपण आत्मविश्वास म्हणतो. ही सवय शिकवता येते. मी पोरांना बॉल न देता नुसतं मान वळवायला लावतो, मागे उभं राहून बोटं दाखवतो आणि किती दाखवली ते विचारतो. सुरुवातीला हसतात. सामन्यात कुणाला तरी त्यातून एक मोकळं वळण मिळालं की हसणं थांबतं.

सामन्याच्या पहिल्या पाच मिनिटांबद्दल माझं मत जरा जुनाट वाटेल. त्या पाच मिनिटांत करामत करायची नाही. जवळचा, सोपा, खात्रीचा पास. तोही आपण होऊन मागायचा. एक स्वच्छ टॅकल, एक हेडर, एक मोकळी धाव, यातलं जे आपल्या जागेला शोभेल ते. शरीराला कळलं पाहिजे की आज आपण खेळात आहोत. मोठे मोठे खेळाडूही सुरुवातीला मागच्या मागे साधे पास देत बसतात तेव्हा प्रेक्षकांना ते कंटाळवाणं वाटतं. मला तेच बघायला आवडतं. कसलेला गवई पहिला षड्ज लावून आपला गळा जोखतो, तसं ते असतं.

माझ्या सुरुवातीच्या काळात आमच्या संघात एक वयाने मोठा सेंटर मिडफिल्डर होता. फार वेगवान नाही, डावा पाय जेमतेम. त्याची एक सवय अजून डोळ्यांसमोर आहे. त्याच्या पायातून बॉल गेला की तो मान खाली घालत नसे, रेफ्रीकडे हात पसरत नसे. बॉल परत आमच्याकडे आला रे आला की त्याची आरोळी यायची, "मला दे!" सगळ्यात आधी, सगळ्यात मोठ्याने. आम्हाला वाटायचं याला काही वाटतच नाही. एकदा विचारलं तर म्हणाला, "वाटतं रे. म्हणून तर लगेच मागतो. थोडा वेळ गेला की मागणं जड जातं." त्याला बायलॉक, बांडुरा माहीत असायचं कारण नव्हतं. पण चूक आणि पुढचा टच यांच्यामधला वेळ वाढला की त्यात भीती घर करते, हे त्याने मैदानावरच हेरलं होतं.

या वेळेचा सगळ्यात क्रूर नमुना म्हणजे पेनल्टी शूट-आउट: बरोबरी सुटली नाही की दोन्ही संघांनी आळीपाळीने, समोर फक्त गोलकीपर असताना, एकेक किक मारायची. बॉल गोलपासून 11 मीटरवर. गोल 7.32 मीटर रुंद, 2.44 मीटर उंच. जोरात मारलेला बॉल अर्ध्या सेकंदाच्या आत रेषेवर पोचतो. कागदावर सगळं मारणाऱ्याच्या बाजूचं आहे. पण त्याआधी मधल्या वर्तुळापासून पेनल्टीच्या ठिपक्यापर्यंतची वाट एकट्याने चालायची असते, आणि एरवी सतत पळणाऱ्या या खेळात विचार करायला एवढा रिकामा वेळ दुसरीकडे कुठेच मिळत नाही.

नॉर्वेचे संशोधक गेइर योर्देत यांनी मोठ्या स्पर्धांमधल्या शूट-आउटचं चित्रण तपासलं. ही किक गोल झाली की संघ जिंकला, अशा वेळी शंभरातल्या नव्वदहून जास्त किक गोलमध्ये जातात. ही हुकली की संघ बाहेर, अशा वेळी ते प्रमाण साठच्या आसपास घसरतं. अंतर तेच, बॉल तोच, पाय तोच. फरक फक्त मनात काय चाललंय याचा: मिळवायचंय की निसटू द्यायचं नाही. त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. रेफ्रीची शिट्टी वाजताच जे घाईने धाव घेतात, ते जास्त हुकवतात. एकदाचं उरकून टाकू, अशी ती घाई. लपण्याचाच हा एक प्रकार, भर मैदानात सगळ्यांसमोर केलेला. नजरेचंही तसंच. घाबरलेल्या खेळाडूची नजर गोलकीपरवर जास्त खिळते आणि बॉलही मग त्याच्याच जवळपास जातो, हे वेगळ्या प्रयोगांमधून दिसलंय.

इंग्लंडचा संघ या घाईसाठी प्रसिद्ध होता. 1990, 1998 आणि 2006 या तिन्ही विश्वचषकांत ते शूट-आउटमध्ये हरले. 1996 च्या युरो या युरोपातल्या देशांच्या स्पर्धेत जर्मनीविरुद्ध उपांत्य सामन्यात ज्याची किक अडवली गेली, तो गॅरेथ साउथगेट पुढे त्याच संघाचा प्रशिक्षक झाला. त्याने या विषयाला नशिबाच्या खात्यातून काढून सरावाच्या खात्यात टाकलं. 2018 मध्ये कोलंबियाला हरवून इंग्लंडने विश्वचषकातलं आपलं पहिलं शूट-आउट जिंकलं. तीन वर्षांनी लंडनच्या वेम्बली मैदानावर युरोच्या अंतिम सामन्यात इटलीपुढे पुन्हा हरले. शेवटची किक 19 वर्षांच्या बुकायो साकाची होती. इटलीचा गोलकीपर दोनारुम्माने ती अडवली, आणि नंतर त्या पोरावर वर्णद्वेषी शिव्यांचा जो भडिमार झाला तो आठवला की आजही संताप येतो. 2024 च्या युरोत स्वित्झर्लंडविरुद्ध याच साकाने आधी बरोबरीचा गोल केला आणि मग शूट-आउटमध्ये पुन्हा ठिपक्याकडे चालत गेला. गोल. मधली तीन वर्षं तो आपल्या क्लबसाठीही पेनल्टी घेत होता. मला त्या शेवटच्या गोलइतकंच हे मधलं महत्त्वाचं वाटतं.

अशी उदाहरणं जिंकलेल्यांची सांगणं सोपं असतं. 1999 च्या महिला विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व सामन्यात अमेरिकेच्या ब्रॅंडी चॅस्टेनने जर्मनीविरुद्ध पाचव्याच मिनिटाला आपल्याच गोलमध्ये बॉल ढकलला. कर्णधार कार्ला ओव्हरबेकने तिथल्या तिथे तिला धीर दिला. उत्तरार्धाच्या सुरुवातीला चॅस्टेननेच गोल करून बरोबरी साधली, अमेरिका 3-2 ने जिंकली. पुढे अंतिम सामन्यात चीनविरुद्ध निर्णायक पेनल्टी तिनेच मारली, तीही डाव्या पायाने. पासाडेनाच्या रोझ बोल मैदानावर हे झालं. पाच वर्षांपूर्वी याच मैदानावर रॉबर्टो बाज्जोची किक क्रॉसबारवरून, म्हणजे गोलच्या आडव्या दांडीवरून, गेली होती आणि इटलीचा विश्वचषक हुकला होता. बाज्जो 1998 च्या विश्वचषकात पहिल्याच सामन्यात चिलीविरुद्ध पुन्हा ठिपक्यावर उभा राहिला आणि त्याने गोल केला.

पण मला सगळ्यात जवळचा वाटतो तो घानाचा असामोआ ग्यान. 2 जुलै 2010, जोहान्सबर्ग. उरुग्वेविरुद्ध उपांत्यपूर्व सामना, जादा वेळेचं शेवटचं मिनिट, बरोबरी. गोलमध्ये जाणारा बॉल उरुग्वेच्या सुआरेझने रेषेवर हाताने अडवला. त्याला लाल कार्ड, घानाला पेनल्टी. ही गोल झाली असती तर आफ्रिकेचा एखादा संघ पहिल्यांदाच विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत गेला असता. ग्यानची किक बारला लागून वर उडाली. सामना शूट-आउटमध्ये गेला. आणि काही मिनिटांतच घानाची पहिली किक घ्यायला कोण आलं? ग्यान. अजून चेहऱ्यावरचं ओलं सुकलं नसेल. त्याने बॉल ठेवला आणि गोलच्या वरच्या भागात मारला.

घाना तरीही हरला. 2012 च्या आफ्रिका चषकात झांबियाविरुद्ध उपांत्य सामन्यात ग्यानची पेनल्टी पुन्हा हुकली, या वेळी गोलकीपरने अडवली. हा शेवटचा भाग मी पोरांना मुद्दाम सांगतो. आत्मविश्वासाच्या गोष्टी नेहमी गोलमध्ये बॉल जाऊन संपतात, आणि मग पोरांना वाटतं, बॉल गेला नाही म्हणजे आपल्यात तो नव्हता. ग्यान जोहान्सबर्गला पुन्हा चालत गेला तेव्हा आपली किक गोल होईल याची त्याला हमी नव्हती. ती कुणालाच नसते. त्याला बॉल हवा होता. माझ्या लेखी मोजायची गोष्ट तेवढीच.

दडपण एकट्याचं राहत नाही, हेही इथेच सांगायला हवं. 8 जुलै 2014 ला बेलो होरिझोंतीत जर्मनीने ब्राझीलला 7-1 ने हरवलं. त्यातले चार गोल 23 ते 29 या मिनिटांत झाले. तो भाग पुन्हा बघितला तर दिसतं, की गोल पडल्यावर कुणी खेळाचा वेग कमी करत नाही. सगळे एकाच वेळी सगळं परत मिळवायला धावतायत. चौथा गोल तर खेळ सुरू झाल्या झाल्या ब्राझीलच्या फर्नांडिन्होच्या पायातून बॉल हिसकावून झाला. अशा वेळी संघाला कुणीतरी थांबवणारा लागतो. जाळ्यातला बॉल सावकाश मध्ये आणणारा, बुटाची नाडी बांधायला वाकणारा, तीन-चार जणांना जवळ बोलावून "पुढचे दोन पास मागे" एवढंच सांगणारा. चॅस्टेनला ओव्हरबेक होती. बांडुरांच्या तिसऱ्या वाटेला अर्थ येतो तो असा. धीर मैदानातल्याने, त्याच क्षणी, पुढच्या कामाबद्दल दिलेला असला पाहिजे.

आणि इथे प्रशिक्षकांशी माझं भांडण आहे. पोराने चूक केली की पुढच्याच मिनिटाला त्याला बाहेर काढायचं, ही पद्धत मी अनेक मैदानांवर पाहतो. सामना कदाचित वाचत असेल. पण बाहेर येणाऱ्या पोराला एकच गोष्ट कळते, की बॉल मागण्यात धोका आहे. बेंचवर बसलेल्या बाकीच्यांनाही तेच कळतं. पुढच्या सामन्यात सगळे लपायला लागतात आणि मग हाच प्रशिक्षक ओरडतो, "कुणी पुढे का येत नाही?" चूक झाल्यावर निदान पुढचे दोन-तीन टच त्याला मिळू द्यावेत. बदलायचंच असेल तर त्यानंतर बदला.

सरावात मी सध्या एक नियम लावून बघतोय. छोट्या मैदानावर चार विरुद्ध सहा असा खेळ, चार जणांच्या बाजूला अर्थातच श्वास घ्यायला जागा नसते. ज्याच्या पायातून बॉल जाईल, संघाला बॉल परत मिळाल्यावर पहिला पास त्यालाच द्यायचा आणि त्याने तो नाव घेऊन मागायचा. सुरुवातीला पोरं वैतागली. आमच्यातली एक मुलगी, उत्तम डावा पाय, पण आवाज फुटत नाही, ती मागायच्या जागी जाऊन गप्प उभी राहायची. पास यायचा नाही, कारण नियमच तसा. सोबतचे थांबून राहायचे, "अगं, माग ना!" एक दिवस तिच्या तोंडून "दे" निघालं, जेमतेम ऐकू येईल इतकं. पास आला, तिने तो लगेच पुढे दिला. आता तिचा आवाज पलीकडच्या रेषेपर्यंत जातो. सामन्यात अजून तसा येत नाही, येतो तो फक्त बरोबरी असेल किंवा आम्ही पुढे असू तेव्हा. मागे पडलो की पुन्हा बारीक होतो.

म्हणून पेनल्टीचा सरावही आता मी सुरुवातीला घेत नाही. ताज्या पायांनी, एकापाठोपाठ एक, हसत-खेळत मारलेल्या किकमधून फारसं काही हाती लागत नाही. धावून दमल्यावर, मध्यरेषेपासून एकट्याने चालत येऊन, बाकीचे सगळे बघत असताना एकच किक. गोलच्या कुठल्या कोपऱ्यात मारायचं ते चालायला लागण्याआधी ठरवायचं आणि मग बदलायचं नाही. बॉल स्वतःच्या हाताने ठेवायचा, शिट्टीनंतर एक लांब श्वास सोडायचा, मग धाव. सामन्यातलं खरं दडपण यातून उभं राहत नाही हे मला मान्य आहे. पण ती वाट पायाखालची होते, आणि श्वास सोडायचं लक्षात राहतं. कुणाला घ्यायचीय असं विचारलं की पहिल्या दिवशी तीन हात वर आले होते, तेही नेहमीचेच. त्या मुलीचा हात अजून आलेला नाही. पुढच्या आठवड्यापासून चार विरुद्ध सहाचा खेळ शेवटच्या दहा मिनिटांत घेणार आहे, तिचा संघ एका गोलने मागे आहे असं धरून.